जाहिराती आणि हवामान वगळून

ये गं सायले, अशी जवळ ये. आता जवळ म्हणजे तिकडून काय येणार तू, पण तो फोन तरी नीट कानाशी धर. रविवारी बोलतेस तेव्हा मला कशाला तरी टेकवून ठेवतेस, मला तुझी हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो, आणि तू मोज्यांच्या घड्या करत "आय अ‍ॅम फाइन आई, ऑल गुड" म्हणत राहतेस. जेवलीस का विचारलं तर येस. काय जेवलीस विचारलं तर "फूड". अगं, फूड हे काय उत्तर झालं? सैन्यात नर्स झालीस म्हणून आईलाही साहेबाला द्यावा तसा रिपोर्ट द्यायचा का? तुम्ही नेमके कुठे आहात ते विचारायचं नाही, हे मी पाळते. कधी येणार ते विचारायचं नाही, हेही पाळते. पण मग मी विचारायचं तरी काय?

आणि गेल्या आठवड्यात तू तो फोटो पाठवलास. तुमच्या छावणीतल्या भिंतीवर लावलेला आठवड्याच्या करमणुकीचा कागद. सोमवारी योगा, मंगळवारी क्विझ, बुधवारी बाहेर पडदा लावून सिनेमा, शुक्रवारी गाणी म्हणायची, रविवारी बार्बेक्यू, आणि खाली टीव्हीवर कुठली मॅच किती वाजता दिसेल ते. त्याखाली तू लिहिलंस, "सी? हीप्स टू डू हिअर. डोन्ट वरी." मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. नुसता अंगठा पाठवला. तुला वाटलं असेल, चला, आईचं समाधान झालं. पण असले कागद मी एकेकाळी माझ्या हातांनी घडी घालून पाकिटात भरलेले आहेत. ते कोण करतं आणि कशासाठी करतं, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून आज हे लिहायला बसले. तुला देवनागरी वाचायचा कंटाळा, म्हणून लिहून झालं की मीच फोनमध्ये वाचून पाठवणार आहे. पूर्ण ऐकायचं. मधलं पुढे ढकलायचं नाही.

मी शाळेच्या शेवटच्या वर्गांत होते तेव्हा आम्ही पुण्याहून इकडे, वेलिंग्टनजवळच्या अप्पर हटला आलो. आम्ही म्हणजे माझी आई, नाना आणि मी. नाना म्हणजे तुझे आजोबा, पुण्याला हॉस्पिटलात औषधं देण्याच्या खिडकीमागे बसायचे, आणि इथे लष्कराच्या कॅम्पातल्या छोट्या हॉस्पिटलात त्यांना तेच काम मिळालं. राहायला कॅम्पाच्या कुंपणामागे एक लाकडी फळ्यांचं घर. चारी बाजूंनी डोंगर, आणि हिवाळ्यात डोंगरावरून थंडी अशी खाली उतरायची की सकाळी खिडकीच्या काचेला आतूनच पाणी सुटलेलं असायचं. आई रोज उठून जुन्या पंच्याने काचा पुसायची आणि तो पंचा बादलीत पिळायची. ती म्हणायची, "नंदे, पुण्याला घरात पाणी यायची वाट बघायचो, इथे खिडकीतून येतंय."

आई हुशार बाई होती. तूरडाळ मिळायची नाही तर तिने इथल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची आमटी बसवली, पालकासारख्या सिल्व्हरबीटची देठं घालून परतून भाजी केली. इथलं लोणी कढवून जे तूप निघायचं त्याचा वास आला की नाना कामावरून येताना दारातच थबकायचे. एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान गं, तुला काय सांगते मी, तिने चुकून केकचं फुगणारं पीठ आणलं आणि त्याच्या पोळ्या लाटल्या. तव्यावर त्या अशा टम्म झाल्या, आणि तोंडात घातल्या तर पावासारख्या. नाना म्हणाले, "नवीन देशात पोळीसुद्धा जाड होते." आई हसली, पण ती पोळी तिने खाल्ली नाही. नुसतं तूप-भात खाल्ला.

पण तिला खरं छळायचं ते अन्न नाही, थंडीही नाही. आवाज. म्हणजे आवाज नसणं. पुण्याला आमची खोली रस्त्यावर होती. खाली पिठाची गिरणी, समोर शाळा, सकाळपासून भाजीवाले, बोहारणी, शेजारच्यांचा रेडिओ, तीन घरांचे कुकर एकापाठोपाठ एक. तेव्हा आई वैतागून म्हणायची की जरा कोणी गप्प बसेल तर बरं. आणि इथे सगळं गप्पच. नाना कामावर, मी शाळेत, आणि ती त्या घरात एकटी. शनिवारी शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र, अधूनमधून रुळांवरून जाणारी वेलिंग्टनची गाडी, संपलं. कॅम्पाच्या मागे गोळीबाराचा सराव चालायचा, त्याचा टप टप टप आवाज दुपारी यायचा. मी एकदा विचारलं, तुला भीती नाही वाटत? तर म्हणाली, "नाही गं. तेवढीच सोबत."

दोनतीन महिन्यांतून एकदा माझ्या मावशीची कॅसेट यायची. पत्रात काय मावतंय, म्हणून नानांनी येताना एक टेपरेकॉर्डर तिकडे ठेवला होता आणि एक इकडे आणला होता. कॅसेट आली की जेवणं आटोपून आम्ही तिघं टेबलाभोवती बसायचो. आणि मावशी बोलायला लागायची, की जणू आकाशवाणीवर बातम्या देते आहे. "ताई, आम्ही सर्व येथे कुशल आहोत. तुम्हीही सर्व कुशल असाल अशी आशा करते." माझी मावशी, जी उभ्या जन्मात असं बोलली नव्हती. जी बोलायला लागली की आधी नाकातून हसायची, मग "अगं बाई ऐक तरी" म्हणायची. मग काका बोलायचे, मग मुलं पाठ केलेल्या कविता म्हणायची. मागे काही म्हणजे काही आवाज नाही. तिने पत्रात लिहिलं होतंच, की ताई, तुला स्वच्छ ऐकू यावं म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या लावून घेतो, पंखा बंद करतो, गिरणीची सुट्टी असते त्या दिवशी कॅसेट भरतो. घामाघूम होतो अगदी. किती माया ती. आणि आई सगळं ऐकायची, डोळे पुसायची, आणि कॅसेट पेटीत ठेवून द्यायची.

एका कॅसेटच्या शेवटी मात्र त्यांचं बटण बंद करायचं राहिलं होतं. निरोप वगैरे घेऊन झाल्यावर खिडकी उघडल्याचा आवाज येतो, मावशी म्हणते, "हुश्श. अगं दूध बघ, दूध बघ, जाईल ते," आणि कुकरची शिट्टी होते, आणि खाली रस्त्यावर बोहारीण ओरडत जाते. मग पट्टी संपते. मी एकदा शाळेतून लवकर आले तर आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली, टेपरेकॉर्डर पुढ्यात, आणि ती तेवढाच तुकडा ऐकत होती. दूध बघ, शिट्टी, बोहारीण. मागे फिरवायचं आणि परत. मी दारात आहे हे तिला कळलं नाही. मी पुन्हा बाहेर जाऊन पायरीवर जरा वेळ बसले आणि मग मोठ्याने बूट वाजवत आत आले. ती टेपरेकॉर्डर पुसत होती. म्हणाली, "धूळ बसते गं याच्यावर."

माझं स्वतःचं काही बरं चाललं होतं असं समजू नकोस. शाळेत मुली वाईट नव्हत्या, पण त्यांचं सगळं आधीच वाटून झालेलं होतं, कोण कोणाजवळ बसणार, कोण कोणाला फोन करणार. मी वही उघडून बसायची. मला हक्काने "आलीस का" असं म्हणणारी एकच बाई त्या गावात होती, ती म्हणजे डोरीन. तिच्याबद्दल तुला तुटक तुटक माहीत आहे, आज नीट सांगते.

डोरीन कॅम्पातल्या रिक्रिएशन हॉलची सगळी व्यवस्था बघायची. उंच, हाडापेराने दणकट, बारा महिने पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, थंडीत मोज्यांवर जँडल्स. तिचा नवरा कॉलिन सार्जंट होता आणि तेव्हा कुठल्याशा वाळवंटातल्या छावणीत होता. दोन देशांमध्ये भांडण नको म्हणून मधे पहारा देत बसलेली फौज, तसं काहीतरी. इथली बरीच मुलं तिथे होती. तिथे टीव्ही लावला तर न कळणाऱ्या भाषेत, म्हणून इथून दर आठवड्याला त्यांच्यासाठी इथला टीव्ही कॅसेटींवर भरून पाठवायचे. हॉलच्या मागच्या खोलीत एक टीव्ही आणि त्याला जोडलेलं व्हिडिओ यंत्र होतं, सुटकेसएवढं. आठवडाभर संध्याकाळी कोणीतरी बसून कार्यक्रम भरायचे, सोमवारी सगळ्या कॅसेटी पिशवीत घालून लष्कराच्या विमानाने जायच्या. सोबत एक कागद, आठवड्याचा, कुठल्या कॅसेटवर काय आहे, तिकडे कुठल्या दिवशी काय दाखवायचं, मधल्या दिवशी डार्ट्स आणि हाउजी. अगदी तुझ्या फोटोतल्यासारखा. डोरीन औषधाला आली असताना नानांनी बोलता बोलता सांगितलं की मुलगी घरी एकटी असते, तर ती म्हणाली, पाठवून द्या, माझ्याकडे हीप्स काम आहे, ढीगभर.

काम सोपं होतं आणि अवघडही. यंत्रासमोर अंगठा ठेवून बसायचं. कार्यक्रम चालू असेपर्यंत भरायचं, जाहिरात लागली की तत्क्षणी थांबवायचं, संपली की तत्क्षणी सोडायचं. निवेदिका गोड हसून पुढे काय आहे ते सांगते ते नको. हवामान नको. बातम्यांच्या शेवटी कुणाच्या बागेतला मोठा भोपळा दाखवतात ते नको. एका कॅसेटमध्ये तीन तास बसायचे, कॅसेटी महाग, आणि पोरांना पूर्ण तीन तास अस्सल माल मिळायला पाहिजे, असं डोरीन म्हणायची. प्रत्येक कॅसेटवर ती ठळक अक्षरांत लिहायची, जाहिराती आणि हवामान वगळून. त्याचा तिला मोठा अभिमान. माझा अंगठा इतका तयार झाला की ती इतर बायकांना सांगायची, "नॅंडाच्या टेपवर सांधा शोधून दाखवा." नंदा तिला कधी म्हणता आलं नाही. मला ते नॅंडाच आवडायचं. त्या खोलीत विजेचा छोटा हीटर असायचा, चहा आणि बिस्किटं असायची, आणि मी कोणाला तरी हवी होते. मला वाटायचं, एवढं राहिलं तर बाकी सगळं नसलं तरी चालेल.

आता तो शनिवार. त्या दिवशी रग्बीची मोठी मॅच होती, सगळ्या गावात तेच. डोरीनने कॅसेटचा हिशेब आधीच बसवला होता. आधी मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धेचा कार्यक्रम, मग एक विनोदी, आणि मग उरलेल्या जागेत मॅच, अगदी शेवटच्या शिट्टीपर्यंत. तिला स्वतःला नेटबॉलच्या मुलींना घेऊन जायचं होतं. ती म्हणाली, "तू आहेस म्हणजे मला काळजी नाही, लव्ह," आणि कोऱ्या कॅसेटींच्या कपाटाची किल्ली खिशात टाकून गेली. मी एकटी बसले. कुत्र्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पहिली जाहिरात लागली, लोण्याची होती. एक बाई पावाच्या तुकड्याला लोणी लावते आणि मागे कुठेतरी पोरं भांडतायत, दार आपटतं, कुत्रं भुंकतं. माझा अंगठा बटणावर होता.

तो मी दाबला नाही.

विसरले नव्हते, बरं का. मला आईचं ते "धूळ बसते" दिसत होतं डोळ्यांपुढे. मला वाटलं, आपण इथे बसून काय करतोय? मावशी तिकडे खिडक्या लावते, मी इथे लावते. मग मी एकही जाहिरात गाळली नाही. कौलांची, चपलांची, मोटारीच्या टायरची. निवेदिका हसली तेही राहू दिलं. मग हवामान आलं. माणूस नकाशापुढे उभा राहून काठी फिरवत म्हणाला की दक्षिणेकडून वारा येतोय, वेलिंग्टनला वाऱ्याचा जोर राहील, आणि हट व्हॅलीत सकाळी कडक फ्रॉस्ट, दव गोठणार, बाहेरची नाजूक झाडं झाकून ठेवा. तेही राहू दिलं. अंगठा मांडीवर ठेवून मी शांत बसले होते. इतकं शांत मला त्या देशात आल्यापासून वाटलं नव्हतं.

आणि मॅच रंगात आलेली असताना, बरोबरीत चाललेली, शेवटची काही मिनिटं उरलेली, यंत्राने खट् केलं आणि पट्टी संपली. मी कपाट ओढून पाहिलं. कुलूप. टीव्हीवर मॅच चालूच राहिली, आणि इथल्या संघाने शेवटच्या क्षणी चेंडू रेषेपार टेकवून जिंकली. हॉलमध्ये बायकापुरुष नाचत होते. मी मागच्या खोलीत त्या बंद यंत्राकडे बघत बसले होते.

सोमवारी पिशवी बांधायच्या आधी डोरीनने कॅसेट तपासली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मागे फिरवलं, लोण्याची जाहिरात पाहिली, टायरची पाहिली, मग पुढे नेऊन मॅच अर्धवट तुटलेली पाहिली. "मशीन बिघडलं होतं का?" तिने विचारलं. मी नाही म्हणाले. "तुला बरं नव्हतं?" मी नाही म्हणाले. मग माझ्या इंग्रजीत मी काहीतरी सांगायला गेले, की माझी आई, तिची कॅसेट, कुकर, खिडकी. ते सगळं एकमेकांत अडकून पडलं. डोरीनने कॅसेट यंत्रातून बाहेर काढली. मग म्हणाली, "पोरं ही मॅच बघायला महिनाभर थांबली आहेत, नॅंडा." आणि मग, "काही दिवस तू नाही आलीस तरी चालेल, लव्ह." ते लव्ह मला जास्त लागलं. विमानाची वेळ झाली होती. दुसरं काही पाठवायला नव्हतं, म्हणून तीच कॅसेट गेली. तिच्यावरचं जाहिराती आणि हवामान वगळून हे तिने पेनाने खोडलं.

नाना घरी येऊन एवढंच म्हणाले, "उद्या त्या बाईंना औषध देताना मी कुठे बघायचं?" आई म्हणाली, "बाटलीकडे बघा." का केलंस, असं तिने विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. सांगायचं म्हणजे, मी तुला चोरून ऐकताना पाहिलं हे सांगावं लागलं असतं.

मग ते दिवस. शाळा सुटली की मी हॉलच्या रस्त्याने न येता नदीकडून लांबून यायची. पाणी दगडांवरून वाहत असायचं, विलोच्या झाडांच्या काड्या उघड्या, माणूस नाही. घरी आले की आई खिडकीत. आम्ही दोघी चहा प्यायचो. दोन माणसं एका टेबलाशी बसून एकेकटी कशी असू शकतात, हे मला तेव्हा कळलं. तुझे बाबा गेल्यावर पुन्हा एकदा कळलं, पण तेव्हा टेबलाशी दुसरं माणूसही नव्हतं. असो.

एका दुपारी दार वाजलं. आमचं दार तोवर पोस्टमनखेरीज कोणी वाजवलं नव्हतं. आई घाबरली, पदर सारखा केला. बाहेर डोरीन, मोज्यांवर जँडल्स, हातात कागदी पिशवी. पिशवीत लिंबं, आपल्यासारखी लहान नाहीत, जाड सालीची, पिवळीधमक. ती आत येऊन खुर्चीत बसली आणि लगेच बोलेना. आईने तोवर शिरा टाकायला घेतला. कोणी आलं आणि बोलत नसलं की शिरा टाकायचा, हे तिचं ठरलेलं होतं. रवा भाजल्याचा वास सुटला, तूप सुटलं, मग डोरीन बोलायला लागली. माझ्याशीच, पण बघत होती लिंबांकडे.

कॉलिनचा फोन आला होता. पंधरवड्यातून एकदा यायचा, आणि दर वेळी तेच, फाइन, स्वीट अ‍ॅज, तू कशी आहेस, मीही फाइन, आणि वेळ संपायचा. लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि फोनवर दोघांना बोलायला काही सापडायचं नाही. या खेपेला ती मॅचबद्दल माफी मागायला लागली तर तो म्हणाला, ते राहू दे, पोरांनी शिव्या घालून झाल्या, निकाल रेडिओवर कळला होता. मग त्याने विचारलं, "डोर, लिंबाचं झाड झाकलंस का?"

"मी म्हटलं, कधी?" डोरीन म्हणाली. "तर म्हणतो, फ्रॉस्ट पडणार होतं ना. हवामानवाल्याने सांगितलं. तू विसरतेस दर वर्षी. अरे, म्हटलं, तो फ्रॉस्ट पडून वितळून किती दिवस झाले. म्हणतो, हो, पण झाकलं होतंस का?" ती नाकातून हसली, अगदी माझ्या मावशीसारखी. "ती पोरं तेवढंच हवामान परत परत लावतायत म्हणे. आणि ती लोण्याची बाई. एकाने सांगितलं, असंच दार आपटतं आमच्या घरी. मग तो मला विचारत बसला, मागचं दार अजून अडकतं का, नळ गळतो का. सगळा वेळ त्यातच गेला. फोन कटला तेव्हा तो नळाबद्दलच बोलत होता."

तिने डोळे पुसले नाहीत. पिशवीतलं एक लिंबू काढून हातात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, "तू त्या दिवशी काहीतरी सांगत होतीस. तुझ्या आईचं. मला कळलं नव्हतं."

मी आईकडे पाहिलं. आईला इंग्रजी बोलता यायचं नाही फारसं, पण समजायचं तिला सगळं. तिने शिऱ्याखालचा गॅस बंद केला, हात पुसले, आणि आतून टेपरेकॉर्डर आणून टेबलावर ठेवला. कॅसेट त्यातच होती, त्याच जागी लावलेली. तिने बटण दाबलं. खिडकी उघडली. हुश्श. अगं दूध बघ, दूध बघ. शिट्टी. बोहारीण.

"ते काय?" डोरीनने विचारलं. "शिट्टी कसली?"

"कुकर," आई म्हणाली. "माय सिस्टर. डाळ." आणि हाताने तिने कुकरचं झाकण, त्यातून निघणारी वाफ, सगळं करून दाखवलं. मग ओट्याखालून आपला कुकर काढून तिच्यापुढे ठेवला. डोरीनने ती शिट्टी बोटाने उचलून पाहिली.

"पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्या दोघी त्या दुपारी ते किती वेळा ऐकत बसल्या, मी सांगू शकत नाही. मधे शिरा खाल्ला. आईने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझ्या वाटीत तिने शिरा वाढला तो काजू शोधशोधून. एवढ्यावरून मला समजलं की तिला सगळं समजलं आहे.

त्यानंतर तिने मावशीला कॅसेट भरून पाठवली. मी ऐकत होते. कुशल वगैरे काही नाही. "अगं ऐक, खिडक्या उघड्या ठेव. गिरणी चालू असताना भर. आणि बोलायचं नसेल काही तर नुसतं चालू ठेव आणि तू आपली भाजी निवड." मावशीला वाटलं ताईचं डोकं फिरलं थंडीने. पण तिने केलं तसं. मी दुसऱ्याच दिवसापासून हॉलमध्ये जायला लागले, आणि दर आठवड्याच्या पिशवीत एक जास्तीची कॅसेट जायला लागली, तिच्यात नुसत्या जाहिराती, हवामान आणि भोपळे. कागदावर डोरीनने ती रविवारी दुपारी लावली होती. म्हणायची, तिकडून निरोप आहे, हीच आधी झिजते.

तू म्हणशील, झालं मग सगळं छान. तसं होत नसतं गं. आईचं एकटेपण गेलं नाही. त्याला फक्त बसायला जागा मिळाली. वर्षभरात कॉलिन परत आला आणि त्यांची बदली दक्षिणेकडे झाली. जाताना डोरीनने झाडाची फांदी लावून वाढवलेलं एक रोप कुंडीतून आणून दिलं. आई आणि ती, दोघी दारात उभ्या राहिल्या. मग आईनेच विचारलं, "नळ?" डोरीन म्हणाली, "अजून गळतो." आणि गेली. पुढे आई होती तोवर त्या दोघी एकमेकींना कॅसेटी पाठवत राहिल्या. एक मराठीत, एक इंग्रजीत, आणि बहुतेक वेळ दोघी गप्पच. भांडी घासल्याचा आवाज यायचा फक्त.

ते झाड आपल्या मागच्या अंगणातलं. तू लहानपणी ज्याच्याखाली टॉग्ज, ते पोहायचे कपडे, वाळत घालायचीस ते. तुला ठाऊकच होतं ते डोरीनचं झाड, पण का ते आता कळलं.

तर सायले, तुमच्याकडे सगळं आहे, मला मान्य आहे. हवी ती मालिका, हवी ती मॅच, आणि त्यात एक जाहिरात नाही, एक अडथळा नाही. तो कागद ज्या कोणी केला त्याने मायेनेच केला असणार, डोरीनसारखाच. क्विझला जात जा. पण मी आई आहे, मला ते फाइन ऐकून काय करायचं? पुढच्या रविवारी फोन लाव आणि मला नुसती चालू ठेव. तू मोजे घड्या घाल, कोणाशी भांडायचं तर भांड, तो पंखा करकरतो त्याबद्दल बोल. मी काही विचारणार नाही.

आणि हे वाचताना मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवली आहे. थंडी वाजतेय, तरी ठेवली आहे. आत्ता गेली ती वेलिंग्टनची गाडी, ऐकलीस का? मागे तुला खणखण ऐकू येईल ती किटली. टीव्हीवर आत्ताच हवामान झालं, उद्या सकाळी इकडे फ्रॉस्ट आहे म्हणाले. मी संध्याकाळीच झाडावर जुनी चादर टाकून आले, तुझ्या पलंगावरची ती निळ्या फुलांची. लिंबं भरपूर लागलीत. शेजारी दिली थोडी. बाकीची काढली नाहीत. ती झाडावर राहतात बरेच दिवस, काढली की मगच सुकतात. तुला सुट्टी कधी ते मी विचारत नाही. पण ती पडायला लागायच्या आत ये गं. स्टेशनवरून चालत येऊ नकोस, फोन कर, मी गाडी घेऊन येते.